इन्फ्रारेड सेन्सरने वायू ओळखायचा कसा, मोजायचा कसा: मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

मार्च-एप्रिल लागला की मराठवाड्यात विहिरींचा गाळ काढायची कामं निघतात. कोणीतरी आत उतरतो, भोवळ येऊन पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग चुलता. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्या विहिरीतला वायू डोळ्यांना दिसत नाही आणि बऱ्याचदा नाकालाही कळत नाही. पण त्यातल्या कार्बन डायऑक्साईडला आणि मिथेनला इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरणांपासून लपता येत नाही. आज हे किरण वापरणारा साधा सेन्सर साधारण दोन-तीन हजार रुपयांत मिळतो आणि बारावीचा विद्यार्थीही तो घरी जोडू शकतो.

हा लेख पॉलिटेक्निकची मुलं, गोबरगॅस चालवणारे शेतकरी, केळी पिकवण्याचं चेंबर सांभाळणारे आणि डिस्टिलरीत किंवा एमआयडीसीत नव्याने लागलेले ऑपरेटर यांच्यासाठी आहे. सेन्सर जोडणं हा यातला सोपा भाग. पडद्यावरच्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, हे शिकायला वेळ लागतो. लेखाचा बराचसा भाग त्यासाठीच दिला आहे.

किरण वायूला कसे ओळखतात

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लाल रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारी उष्णता थर्मामीटरने पकडली. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये वेगवेगळे वायू नळीत भरून त्यातून ही उष्णता पाठवली. कार्बन डायऑक्साईड आणि पाण्याची वाफ ती शोषून घेतात, नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळपास तशीच जाऊ देतात, असं त्यांना दिसलं. आजचे सगळे इन्फ्रारेड सेन्सर याच निरीक्षणावर उभे आहेत.

रेणूतले अणू एकमेकांना बांधलेले असतात आणि ते बंध ठरावीक गतीने थरथरत असतात. झोका त्याच्या लयीत ढकलला तरच उंच जातो, भलत्या वेळी ढकलला तर नाही. तसंच रेणू फक्त आपल्या लयीशी जुळणारी किरणं शोषतो. ही लय किरणांच्या तरंगलांबीने सांगतात, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. कार्बन डायऑक्साईडची मुख्य लय ४.२६ मायक्रॉनला, मिथेनची ३.३ मायक्रॉनच्या आसपास आणि कार्बन मोनॉक्साईडची ४.६५ मायक्रॉनच्या आसपास. सल्फर डायऑक्साईड ७.३ मायक्रॉनजवळ शोषतो, नायट्रिक ऑक्साईड ५.३ जवळ, आणि वीजकेंद्रांच्या स्विचगिअरमधला सल्फर हेक्झाफ्लोराईड १०.६ जवळ. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सतत लागतात.

दुसऱ्या पानावर न दिसणारे वायू लिहा. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन: दोन सारख्या अणूंचे हे रेणू इन्फ्रारेड शोषत नाहीत, त्यामुळे कितीही महागडा इन्फ्रारेड सेन्सर घेतला तरी तो त्यांच्याबाबत आंधळाच राहणार. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड शोषतो, पण इतका कमी की या पद्धतीने त्याचे धोकादायक प्रमाण पकडणं व्यवहारात जमत नाही. त्याच्यासाठी आणि ऑक्सिजनसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेल, म्हणजे रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या विजेवरून वायू मोजणारा सेन्सर लागतो. विहिरीच्या आणि टाकीच्या कामात ही मर्यादा जीवघेणी ठरते. मी पुढे तिच्याकडे परत येणार आहे.

डब्याच्या आत काय असतं

एका टोकाला बारीक दिवा किंवा तापणारी पट्टी, मधे वायू भरणारी नळी, दुसऱ्या टोकाला फिल्टर आणि त्यामागे डिटेक्टर. फिल्टर फक्त एक अरुंद पट्टा आत सोडतो. कार्बन डायऑक्साईडच्या फिल्टरची रुंदी ०.१८ मायक्रॉनच्या आसपास असते. डिटेक्टर दोन प्रकारचे भेटतील: थर्मोपाइल आणि पायरोइलेक्ट्रिक. पायरोइलेक्ट्रिकला फक्त बदल कळतो, म्हणून त्याच्यासमोरचा दिवा सेकंदाला काही वेळा उघडझाप करत राहतो. सेन्सरमध्ये दिवा लुकलुकताना दिसला तर तो बिघडला आहे असं समजू नका.

चांगल्या सेन्सरमध्ये दोन खिडक्या असतात. एक तुमच्या वायूची. दुसरी ३.९ ते ४ मायक्रॉनच्या दरम्यानची, जिथे नेहमीचा कोणताच वायू फारसा शोषत नाही. दिवा म्हातारा झाला किंवा काचेवर धूळ बसली तर दोन्ही खिडक्यांतला प्रकाश एकत्र कमी होतो. वायू आला तर फक्त पहिलीतला. सेन्सर या दोहोंचं गुणोत्तर बघतो. खरेदी करताना दुकानदाराला एवढंच विचारा, "दादा, हा सिंगल चॅनल आहे का ड्युअल?" जिनिंगच्या, दाल मिलच्या किंवा कोंबड्यांच्या शेडच्या धुळीत ड्युअल चॅनलशिवाय जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

किती प्रकाश गिळला गेला यावरून वायूचं प्रमाण काढायचा नियम बिअर-लॅम्बर्ट यांच्या नावाने ओळखतात. प्रमाण वाढत जातं तसा उरलेला प्रकाश घातांकी वक्राने कमी होतो, सरळ रेषेत नाही. म्हणून प्रमाण कमी असेल तर किरणांना लांब वाट द्यावी लागते आणि जास्त असेल तर आखूड. हवेतले पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांतले भाग मोजणाऱ्या सेन्सरला काही सेंटिमीटरची वाट लागते, गोबरगॅसमधले टक्के मोजणाऱ्याला काही मिलिमीटरही पुरतात. यातून खरेदीचा नियम निघतो: खोलीतल्या हवेचा सेन्सर गोबरगॅसला लावू नये. तो शेवटच्या आकड्यावर अडकून बसतो आणि ५,००० पीपीएम दाखवत राहतो, आत ४ लाख असले तरी.

पहिला सेन्सर जोडताना

सुरुवात कार्बन डायऑक्साईडपासून करा. हा वायू घरात मिळतो, स्फोट होत नाही आणि सेन्सर स्वस्त आहेत. विनसेनचा एमएच-झेड१९, सेन्सएअरचा एस८, सेन्सिरियनचा एससीडी३०, यांपैकी कोणताही चालेल. सेन्सिरियनचाच एससीडी४१ आकाराने नखाएवढा आहे. तोही इन्फ्रारेडच वापरतो, पण प्रकाश मोजण्याऐवजी वायू तापून होणारा बारीक आवाज मायक्रोफोनने ऐकतो.

एमएच-झेड१९ ला पाच व्होल्ट, ग्राउंड आणि सिरीयलच्या दोन तारा लागतात. सेन्सरचा टीएक्स (माहिती पाठवणारी पिन) मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या आरएक्सला (माहिती घेणारी पिन) आणि उलट, वेग ९६००. बोर्ड ईएसपी३२ असेल तर तारा सरळ जोडता येतात, कारण दोन्हीकडे ३.३ व्होल्टचे सिग्नल आहेत. वाचनाची आज्ञा पाठवली की नऊ बाइटचं उत्तर येतं. तिसऱ्या बाइटला २५६ ने गुणायचं, त्यात चौथा मिळवायचा, झाले पीपीएम. तयार लायब्ररी मिळते, पण एकदा हे हाताने करून बघाच. पुढे वायरिंगची चूक शोधताना फार उपयोग होतो.

चालू केल्यावर पहिली तीन मिनिटं येणारे आकडे सोडून द्या, दिवा आणि नळी तापायला तेवढा वेळ लागतो. आपल्याकडे वीज येते-जाते, आणि दर वेळी ही तीन मिनिटं नव्याने सुरू होतात. माहिती साठवत असाल तर वीज आल्यानंतरची पहिली काही मिनिटं प्रोग्रॅममध्येच गाळून टाका, नाहीतर आलेखात रोज खोटे डोंगर दिसतील. मोबाईलचा जुना चार्जर वापरू नका. दिवा पेटला की क्षणभर करंट वाढतो, चार्जर कमकुवत असेल तर व्होल्टेज बसतं आणि आकडा नाचायला लागतो. नवख्यांच्या "सेन्सर खराब निघाला" या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच चार्जर असतो.

सेन्सर खरं बोलतो का: डब्यातली चाचणी

हे मात्र कोणीही सोडू नये. श्वास सोडून आकडा वाढला म्हणजे सेन्सर जिवंत आहे एवढंच कळतं. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतात. त्याने कोणताही सेन्सर उडी मारेलच. बरोबर किती दाखवतो ते कळायला आपल्याला माहीत असलेलं प्रमाण तयार करावं लागतं, आणि ते स्वयंपाकघरातल्या सामानातून होतं.

घट्ट झाकणाचा २० लिटरचा पारदर्शक प्लास्टिक डबा घ्या. आत किती पाणी मावतं ते मोजून खरं आकारमान लिहून ठेवा, लेबलवर जाऊ नका. डबा पुसून पूर्ण वाळवा. आत सेन्सर, कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा आणि एका वाटीत खायचा सोडा ठेवा. सोडा ०.१ ग्रॅम, चिमटीपेक्षाही कमी. सराफाच्या दुकानात असतो तसा खिशात मावणारा काटा ऑनलाइन मिळतो. त्यावर आधी १ ग्रॅम तोला, कागदावर सारखे दहा भाग करा आणि एक भाग घ्या. थेट ०.१ तोलायला गेलात तर काट्याची चूकच मोठी होते. झाकणाला बारीक छिद्र पाडा, बरोबर वाटीच्या वर. वायरची फट एम-सीलने बुजवा. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा.

झाकण लावा, पंखा सुरू करा, आकडा स्थिर होऊ द्या आणि लिहा. आता सिरिंजने छिद्रातून ५ मिली व्हिनेगर वाटीत सोडा आणि छिद्रावर लगेच टेप लावा. वाटीत फसफस होईल, आकडा चढायला लागेल आणि दोन-चार मिनिटांत थांबेल.

हिशेब असा. खायच्या सोड्याचे ८४ ग्रॅम म्हणजे एक मोल. ०.१ ग्रॅममधून सुमारे ०.००१२ मोल कार्बन डायऑक्साईड निघतो. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर आणि ३० अंशाला एक मोल वायू साडेसव्वीस लिटर जागा घेतो, म्हणजे आपले झाले सुमारे ३२ मिलिलिटर. २० लिटरच्या डब्यात ती वाढ १,६०० पीपीएमच्या जवळपास. सुरुवातीचा आकडा ५०० असेल तर शेवटी २,१०० च्या आसपास यायला हवा. १,९०० ते २,३०० आला तर सेन्सर ठीक आहे असं समजायला हरकत नाही, कारण तोलण्यातली आणि गळतीची चूक त्यात धरायला हवी. १,२०० वरच थांबला तर आधी टेप आणि एम-सील तपासा, मग सेन्सरवर शंका घ्या. आकडा चढून हळूहळू उतरत असेल तर गळती आहेच.

सोडा दुप्पट, तिप्पट करून तीन-चार बिंदू काढा आणि आलेखावर मांडा. वरच्या टोकाला आलेख वाकायला लागला की तुमच्या सेन्सरची खरी मर्यादा कुठे आहे ते डोळ्यांनी दिसतं. डेटाशीट वाचून ते इतकं मनात बसत नाही.

झिरो, आणि आपोआप होणारं झिरो

कॅलिब्रेशनला खालचा एक आणि वरचा एक असे दोन ओळखीचे बिंदू लागतात. कारखान्यात खालच्या बिंदूसाठी नायट्रोजनचा सिलिंडर आणि वरच्यासाठी प्रमाणपत्र असलेला स्पॅन गॅस, म्हणजे नेमकं प्रमाण माहीत असलेला वायू वापरतात. सिलिंडर घेताना प्रमाणपत्रावर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आणि मुदतीची तारीख बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. घरच्या सेन्सरला खालचा बिंदू म्हणून उघडी हवा चालते. त्यात आज ४२५ पीपीएमच्या आसपास कार्बन डायऑक्साईड आहे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर इन्फ्रारेड यंत्रानेच मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता.

झिरो करायला सेन्सर गच्चीवर किंवा शेतात न्या, वाऱ्याला. दुपारची वेळ निवडा. पहाटे जमिनीलगत पिकांनी आणि मातीने सोडलेला कार्बन डायऑक्साईड साचलेला असतो. चूल, रस्ता, माणसांचा घोळका जवळ नको. एमएच-झेड१९ ला अशा हवेत वीस मिनिटं चालू ठेवून मग त्याची एचडी नावाची पिन सात सेकंदांपेक्षा जास्त ग्राउंडला धरली की झिरो होतो.

आता एक सापळा, आणि तो नवख्यांना हमखास धरतो. बऱ्याच स्वस्त सेन्सरमध्ये एबीसी नावाची सोय सुरूच असते. सेन्सर ठरावीक काळातला सर्वांत कमी आकडा बघतो आणि "ही ताजी हवा, म्हणजे ४००" असं गृहीत धरून स्वतःला सरकवतो. एमएच-झेड१९ हे दर चोवीस तासांनी करतो, सेन्सएअर एस८ साधारण आठवड्याने. रात्री रिकामी होणाऱ्या शाळेच्या वर्गात हे उत्तम चालतं. पण अर्धापूरकडच्या केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये, मशरूमच्या खोलीत किंवा डिस्टिलरीच्या फर्मेंटेशन हॉलमध्ये ताजी हवा येतच नाही. तिथे सेन्सर ३,००० लाच ४०० समजायला शिकतो आणि धोक्याच्या हवेला सुरक्षित म्हणू लागतो. अशा जागी सेन्सर लावण्याआधी एबीसी बंद करा आणि महिन्यातून एकदा हाताने झिरो करा.

केळीच्या चेंबरमध्ये याचा थेट पैशाशी संबंध आहे. इथिलीन सोडल्यावर केळी जोराने श्वास घेतात. कार्बन डायऑक्साईड १ टक्क्याच्या वर गेला की पिकणं रेंगाळतं आणि रंग सारखा येत नाही. ठरलेल्या वेळी दार उघडण्याऐवजी आकडा बघून पंखा लावता आला तर घड एकसारखे पिवळे होतात. त्यासाठी ५ टक्क्यांपर्यंत मोजणारा सेन्सर घ्या, ५,००० पीपीएमचा नको.

उंची, ऊन आणि धूळ

सेन्सर खरं तर नळीतले रेणू मोजतो आणि त्यावरून प्रमाण सांगतो. हवा विरळ झाली की तेवढ्याच नळीत रेणू कमी मावतात. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या १,०१३ ऐवजी ९४७ हेक्टोपास्कलच्या जवळपास असतो. समुद्रसपाटीला कॅलिब्रेट केलेला सेन्सर इथे सहा-सात टक्के कमी दाखवणार. जागेवर झिरो केला तर ही चूक ताज्या हवेच्या बिंदूवर झाकली जाते, पण वरच्या आकड्यांत उरते. एससीडी३० ला दाब किंवा उंची सांगायची सोय आहे, ती वापरा. इतर सेन्सरसाठी वाचनाला १,०१३ भागिले स्थानिक दाब या गुणोत्तराने गुणा.

तापमानाचंही तसंच. २५ अंशांवरून ४२ अंशांवर हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते. चांगले सेन्सर हे आतल्या आत सुधारतात. पण बहुतेकांची कामाची मर्यादा ५० अंश आहे, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ती सहज ओलांडली जाते. सेन्सर पत्र्यापासून लांब, सावलीत, हवा खेळेल असा लावा. धुळीसाठी समोर पातळ फिल्टर लावून तो दर पंधरवड्याला झटका. सेन्सरची काच मात्र ओल्या फडक्याने पुसू नका.

गोबरगॅस मोजताना

इथून स्फोटक वायू सुरू होतो. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने पेटतो. वर सांगितलेले उघडे सेन्सर आणि ब्रेडबोर्ड डायजेस्टरजवळ, म्हणजे गोबरगॅसच्या टाकीजवळ न्यायचेच नाहीत. तिथे पेसोची मान्यता असलेलं यंत्रच हवं. पेसो म्हणजे स्फोटक सुरक्षेची केंद्रीय संस्था, मुख्यालय नागपूरला.

जुनी मिथेन यंत्रं पेलिस्टरवर चालतात, म्हणजे वायू एका तापलेल्या मण्यावर जाळून मोजतात. जळायला ऑक्सिजन लागतो. गोबरगॅसच्या टाकीत ऑक्सिजन नसतोच, म्हणून पेलिस्टर तिथे शून्याजवळ दाखवून माणसाला फसवू शकतो. इन्फ्रारेडला ऑक्सिजनशी देणंघेणं नाही. ग्रीस आणि सीलंटमधल्या सिलिकॉनच्या वाफेने पेलिस्टर निकामी होतो, तीही भीती इथे नाही. या कामासाठी इन्फ्रारेडच घ्यावा, माझ्या मते यात दुसरा विचार नको.

नमुना घेताना फुटबॉलचा नवा ब्लॅडर उपयोगी पडतो. गॅसच्या नळीला लावून भरा, पूर्ण रिकामा करा, असं दोन-तीनदा केल्यावर मग खरा नमुना घ्या. वायू यंत्रात जाण्याआधी पाण्याचा सापळा आणि सिलिका जेलची नळी हवी. टाकीतला वायू कोमट आणि ओला असतो. यंत्रात थंड झाला की काचेवर दव धरतो आणि आकडा भरकटतो. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदला.

समजा यंत्राने दाखवलं: मिथेन ४८ टक्के, कार्बन डायऑक्साईड ३७, आणि सोबतच्या इलेक्ट्रोकेमिकल सेलने ऑक्सिजन ३. नवखा माणूस म्हणेल मिथेन कमी आहे, शेण नीट कालवलं नाही. थांबा. डायजेस्टरमध्ये ऑक्सिजन असायचं कारणच नाही. तो ३ टक्के दिसतोय म्हणजे नमुन्यात बाहेरची हवा शिरली आहे. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणून ३ भागिले २०.९ म्हणजे नमुन्याचा सुमारे १४ टक्के भाग हवा. उरलेला ८६ टक्के खरा गोबरगॅस. ४८ ला ०.८६ ने भागा, मिथेन ५६ टक्के निघतो, आणि चांगल्या चालणाऱ्या गोबरगॅसला तो शोभतो. टाकी ठीक आहे, नळी गळते आहे. ऑक्सिजनचा आकडा आधी वाचायची सवय लावून घ्या.

डिस्टिलरीतल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. मिथेनच्या ३.३ मायक्रॉनच्या खिडकीजवळच इथेनॉलची वाफ, एलपीजी आणि इतर हायड्रोकार्बनही शोषतात. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) बायोगॅस प्लांटजवळ मिथेनचा अलार्म वाजला तर वाऱ्याची दिशा बघा. तो फर्मेंटेशनकडून आलेला अल्कोहोलही असू शकतो. अलार्मकडे दुर्लक्ष मात्र करायचं नाही, कारण दोन्ही पेट घेतात. आणि फर्मेंटेशनमध्ये एक लिटर अल्कोहोल तयार होताना चारशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साईड सुटतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने खाली साचतो. त्याचा सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर लावा, मिथेनचा छताजवळ.

विहीर, पेव, टाकी

धान्याचं पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे. बंद पेवातली ज्वारी श्वास घेते, ऑक्सिजन संपवते आणि कार्बन डायऑक्साईड सोडते. विहिरीत हेच काम सडणारा पालापाचोळा करतो. कंदील सोडून बघायची पद्धतही त्यातूनच आली. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. पण विहिरीत पेट्रोल-डिझेलचा पंप चालवला असेल तर कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्यात ज्योत शांतपणे जळत राहते आणि माणूस पडतो. मिथेन असेल तर कंदीलच स्फोट घडवतो. कंदील वापरू नका.

आणि फक्त कार्बन डायऑक्साईडचा इन्फ्रारेड सेन्सर सोडून "आकडा बरा आहे, मामा, उतरा" असंही कोणाला म्हणू नका. तो सेन्सर फक्त त्याच्या एका खिडकीतून बघतो. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन सल्फाईड यांतलं त्याला काहीच दिसत नाही. इथे निदान चार गोष्टी दाखवणारं, पेसो मान्यतेचं यंत्र लागतं: ऑक्सिजन, स्फोटक वायू, कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन सल्फाईड, आणि त्यासोबत इन्फ्रारेडवरचा कार्बन डायऑक्साईड. बाजारातल्या नेहमीच्या चार वायूंच्या यंत्रात हा पाचवा नसतो, तो मागून घ्यावा लागतो. आपल्या विहिरींसाठी तो घ्यायलाच हवा, असं मी म्हणेन.

वास येत नाही म्हणून हायड्रोजन सल्फाईड नाही, असंही धरू नका. १०० पीपीएमच्या आसपास तो नाकच बधिर करतो.

मोजायची रीत अशी. यंत्र वर काठावर ठेवा आणि पंपाला जोडलेली नळी आत सोडा. नळीच्या टोकाला तरंगणारा चेंडू आणि गाळणी बांधा म्हणजे पाणी ओढलं जाणार नाही. आधी काठावरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ दिसतो का बघा. मग वर, मधे आणि पाण्याजवळ, अशा तीन ठिकाणी थांबा. २० मीटर लांब आणि आतून ४ मिलिमीटर रुंद नळीत पाव लिटर हवा मावते. पंप मिनिटाला अर्धा लिटर ओढत असेल तर खालची हवा वर यायलाच अर्धं मिनिट लागतं. त्यावर सेन्सरचा स्वतःचा अर्धा मिनिट. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा. घाईत नळी सोडून लगेच आकडा वाचला तर तुम्ही काठावरचीच हवा वाचत असता.

ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली, कार्बन डायऑक्साईड ५,००० पीपीएमच्या वर किंवा इतर कोणताही अलार्म वाजत असेल तर कोणी उतरायचं नाही. ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत सोडा आणि पुन्हा मोजा. कार्बन डायऑक्साईड ४०,००० वर गेला तर ती जागा तात्काळ जीवघेणी मानली जाते. माणूस आत असताना मोजणी सुरूच ठेवा, कारण गाळ ढवळला की अडकलेला वायू मोकळा होतो. कमरेला दोर आणि वर यारी किंवा तिपाई हवी, म्हणजे खालचा पडला तर वरचा न उतरता त्याला ओढू शकेल. सेप्टिक टँक आणि गटारासाठी तर २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हाच आहे.

कुठला वायू आहे हेच माहीत नसेल तर

आतापर्यंत आपण ओळखीचा वायू मोजला. अनोळखी ओळखायचा तर एका खिडकीने भागत नाही, सगळा पट्टा वाचावा लागतो. ते काम एफटीआयआर नावाचं यंत्र करतं, जे विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत असतं. आपल्या भागात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथली विद्यापीठं आहेत. जाण्याआधी विभागात विचारून वेळ घ्या आणि नमुना कशात भरलाय ते आधी सांगा. वायूसाठी खास नळी लागते, घन पदार्थाची सोय चालत नाही.

तिथे गेल्यावर एक गोष्ट बघाच. यंत्र रिकामं ठेवून बॅकग्राउंड घेतला की आलेखावर २,३५० या अंकाजवळ दोन शिंगांसारखा खड्डा दिसतो. तो खोलीतला कार्बन डायऑक्साईड. नमुन्याच्या कप्प्याजवळ एक श्वास सोडून पुन्हा स्कॅन घेतला की खड्डा डोळ्यांदेखत खोल होतो. हे अंक प्रतिसेंटिमीटर एककात असतात. १०,००० ला त्यांनी भागलं की मायक्रॉन मिळतात, आणि २,३५० चे होतात ४.२६.

कार्बन मोनॉक्साईड २,१४३ च्या दोन्ही बाजूंना दातेरी कंगव्यासारखा पसरतो आणि बरोबर मधे फट राहते. मिथेनची ३,०१९ जवळ एक तीक्ष्ण सुई असते, दोन्हीकडे बारीक दाते. पाण्याची वाफ १,६०० च्या आसपास आणि ३,५०० च्या वर झुडपासारखी दिसते आणि नवख्यांचा गोंधळ उडवते. म्हणून दर नमुन्याआधी नव्याने बॅकग्राउंड घ्या. एका रेषेवरून वायूचं नाव ठरवू नका. एका वायूच्या निदान दोन जागा जुळल्या पाहिजेत. मिथेन म्हणायचं असेल तर ३,०१९ सोबत १,३०६ लाही रेषा हवी. ती नसेल आणि २,९५० भोवती जाड उंचवटा असेल तर तो प्रोपेन-ब्युटेन, म्हणजे एलपीजी, असण्याची शक्यता जास्त.